स्क्रोल सॉने कापलेल्या नक्षीत पॉलिमर क्ले भरणं: लाकडातच बेक करायचं की वेगळं बेक करून चिकटवायचं?

करवतकाठी
नमस्कार मंडळी. स्क्रोल सॉवर (बारीक उभ्या ब्लेडच्या करवत-यंत्रावर) जाळीकाम करणारे इथे बरेच आहेत आणि पॉलिमर क्लेवालेही आहेत, पण दोन्ही एकत्र करण्याबद्दल सलग कुठे बोलणं झालं नाही म्हणून हा धागा काढतेय. विषय असा की लाकडात आरपार नक्षी कापायची, त्या मोकळ्या जागांमध्ये रंगीत क्ले भरायचा, बेक करायचं आणि घासून लाकडाच्या पातळीला आणायचं. डब्याचं झाकण, नावाची पाटी, घड्याळाची तबकडी, पेंडंट, कशावरही करता येतं.

लाकडात लाकूड बसवायचं म्हटलं की ब्लेडच्या जाडीचा हिशोब आला, टेबल किती डिग्री तिरकं करायचं ते आलं, आणि एवढं करूनही एखाद्या निमुळत्या टोकाला फट राहतेच. क्लेला मापाचा असा काटेकोर हिशोब लागत नाही. कापलेलं भोक हाच साचा, ब्लेड जरा वाकडं गेलं तरी क्ले त्याच वळणाने जाऊन बसतो. म्हणून मला हा प्रकार फार आवडतो.

अडचण एकच आहे पण ती मोठी आहे, क्ले लाकडाला चिकटत नाही. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड आणि ती मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर, ओव्हनमध्ये ते सगळं आपापसात एकजीव होतं पण लाकडाशी त्याचं काही नातं जुळत नाही. बेक करून बाहेर काढलं की घट्ट बसलंय असं वाटतं आणि नंतर कधीतरी फळी जरा वाकवली की नक्षीतलं क्लेचं पान अख्खं निघून हातात येतं. माझं म्हणणं असं आहे की क्ले चिकटवायच्या मागे लागूच नये, तो अडकवावा. स्क्रोल सॉचं टेबल ३ ते ४ डिग्री तिरकं करा आणि भोक असं कापा की दर्शनी बाजूला लहान आणि मागे किंचित मोठं होईल. मागून क्ले भरला की तो पाचरीसारखा बसतो, पुढून पडूच शकत नाही, आणि मागे नंतर पातळ पाठफळी लावली की तिकडूनही वाट बंद. चिकटला नाही तरी जाणार कुठे?

एकच सांभाळायचं, सगळी भोकं एकाच दिशेने फिरत कापा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुरू केलं तर शेवटपर्यंत तसंच, मधेच उलट फिरलात की उतार उलटा होतो. तपासणं सोपं आहे, कापून झाल्यावर आतला तुकडा फक्त मागच्या बाजूनेच बाहेर निघाला पाहिजे.

आता बाकीच्यांनी लिहा, कोण कसं करतं.

शिंपलाताई
छान विषय. मी मूळची क्लेवाली, लाकडाकडे नंतर वळले, त्यामुळे क्लेच्या बाजूने थोडं लिहिते.

पहिली गोष्ट तापमान. सगळे क्ले सारखे नसतात, पाकीट वाचा. फिमो ११० अंशाला, स्कल्पी प्रीमो १३० ला, काटो १५० ला. साधारण ६ मिमी जाडीला अर्धा तास धरतात पण लाकूड उष्णता फार हळू आत जाऊ देतं, भोवती लाकूड असताना मधल्या क्लेला तापायला वेळ लागतो, म्हणून मी लाकडातल्या कामाला वेळ जास्तच देते. योग्य तापमानाला जास्त वेळ ठेवल्याने क्ले बिघडत नाही, उलट जास्त चिवट होतो. बिघडतो तो तापमान वर गेल्याने. ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवा आणि तोही फळीच्या शेजारी, कारण आतल्या आत ठिकठिकाणी फरक असतो. १७५ च्या पुढे गेला तर क्ले जळायला लागतो आणि हायड्रोजन क्लोराइडचा धूर येतो, नाकाडोळ्यांना झोंबतो, तो अजिबात घेऊ नये. ओव्हन बंद, खिडक्या उघड्या आणि आपण खोलीबाहेर. मायक्रोवेव्ह तर नकोच.

लाकूड या तापमानाला पेट घेईल अशी शंका नवीन लोकांना असते म्हणून लिहिते, तसं होत नाही, त्याला यापेक्षा खूपच जास्त लागतं. पण लाकडाचं दुसरं बरंच काही होतं, ते सुतारमंडळींनी सांगावं.

जुनीफळी
सांगतो. लाकडाचं जे होतं ते पेटण्यापेक्षा जास्त त्रासदायक आहे कारण ते लगेच दिसत नाही.

साधारण वापरातल्या सुक्या लाकडातही ८ ते १२ टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये ते जातं. लाकूड रेषेच्या (तंतूंच्या) दिशेने जवळजवळ आकसत नाही पण आडवं चांगलंच आकसतं, रेषेला आडवी १०० मिमी रुंद फळी १० टक्क्यांवरून पार कोरडी झाली तर दोन-अडीच मिमी कमी होऊ शकते. मग बाहेर आल्यावर हवेतला ओलावा ओढून परत फुगते. क्लेला या ओलाव्याशी काही देणंघेणं नाही, तो होता तेवढाच राहतो. म्हणजे भोक लहान असताना क्ले कडक झाला आणि नंतर भोक मोठं झालं. निघालेली पानं बघा, फट नेहमी रेषेला आडव्या दिशेनेच दिसेल, उभ्या दिशेने नाही. लोक गोंदाला दोष देतात पण हा ओलाव्याचा खेळ आहे.

म्हणून माझं मत वेगळं. क्ले वेगळा बेक करा आणि मग इपॉक्सीने लाकडात बसवा. लाकूड ओव्हनमध्ये घालूच नका.

उमलती
मी अगदी नवीन आहे, स्क्रोल सॉ नुकतंच घेतलंय. दोन प्रश्न. वेगळा बेक करायचा तर तो भोकाच्या मापाचा कसा करायचा? आणि प्लायवुड चालतं का, कारण माझ्याकडे सध्या ३ आणि ६ मिमीचं बर्च प्लायच आहे.

जुनीफळी
@उमलती, माप भोकाचंच घ्यायचं. भोक सरळ कापलेलं असू द्या, तिरकं नको. कडेला आतून टाल्कम पावडर हलक्या ब्रशने लावा, क्ले दाबून भरा, वरून-खालून पात्याने सपाट करा, मग फळी क्लेसकट थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा. गार झाला की क्ले ताठ होतो, मग मागून बोटाने नाही तर त्याच आकाराच्या कापलेल्या लाकडी तुकड्याने ढकला. तो तुकडा टाकून द्यायचा नसतो, हाच त्याचा उपयोग. क्ले अलगद टाइलवर उतरतो, तसाच बेक करायचा. नंतर बसवताना केसाएवढी फट राहते ती इपॉक्सीत थोडा काळा किंवा तपकिरी रंग मिसळून भरली की प्रत्येक आकाराला बारीक रेघ मिळते, तारेच्या मीनाकामात असते तशी. मला ती रेघ हवीच असते.

प्लायचं म्हणाल तर तुमच्यासारख्यांसाठीच मी वेगळं बेक करा म्हणतोय. पातळ प्लाय गरम झालं की वाकतं, आतल्या गोंदाचा वास सुटतो, एमडीएफचं पण तेच. ते ओव्हनच्या वाटेला जाऊच नये.

करवतकाठी
@जुनीफळी, प्लायबद्दल शंभर टक्के मान्य. पण घन लाकडाच्या बाबतीत मी अजून माझ्या मतावर आहे आणि ओलाव्याचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण तिरक्या कडेची खरी गरज तिथेच आहे. फळी परत फुगली आणि केसभर फट पडली तरी पाचर सुटत नाही, पाठफळी आणि उतार यांच्या मध्ये क्ले धरलेलाच राहतो. चिकटण्यावर भिस्त असेल तर फट म्हणजे सगळं गेलं, अडकवण्यावर असेल तर फट म्हणजे फक्त फट.

आणि फट दिसू नये म्हणून आकार लहान ठेवा. १० मिमी रुंदीच्या पानात लाकूड जेवढं हलतं ते डोळ्याला कळत नाही. हातभर रुंद मोर एकाच तुकड्यात भरायचा असेल तर मीही वेगळं बेक करा असंच सांगेन. मोठ्या आकारात मधे मधे लाकडाच्या पट्ट्या सोडा, जाळीकाम करणाऱ्याला ती सवय असतेच, पंखाची पिसं वेगवेगळी कापली की नक्षीही चांगली दिसते आणि प्रत्येक तुकडा आपल्यापुरता हलतो.

शिंपलाताई
मी दोघांच्या मधली. लाकडात बेक करायचं असेल तर लाकूड आधी एकटंच ओव्हनमध्ये घाला, १०० अंशाच्या आसपास, दोन टाइल्सच्या मध्ये दाबून म्हणजे वाकणार नाही. याचे दोन फायदे. ओल्या लाकडातून बेक होताना वाफ निघते आणि ती क्लेमध्ये फुगे करते, ट्रान्सलुसंट (अर्धपारदर्शक) क्लेमध्ये तर चंद्रकोरीसारखे पांढरे डाग उठतात ते कशानेच जात नाहीत. ते टळतं. दुसरं म्हणजे वाकणारी, तडकणारी फळी रिकामी असतानाच कळते, क्ले भरून तासन्‌तास मेहनत केल्यावर नाही.

चीर, पाईन वगैरे राळेची लाकडं असली तर गरम झाल्यावर राळ पाझरते आणि पांढऱ्या क्लेवर पिवळे थेंब दिसतात. सागाला तेल असतं. बीच, मेपल, अक्रोड यांचा काही त्रास नाही.

आणि सुकवल्यानंतर भोकाच्या आतल्या कडेला पांढऱ्या पीव्हीए गोंदाचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग क्ले भरा. क्ले त्या थराला लाकडापेक्षा बरा धरतो. लिक्विड क्ले असेल तर वाळलेल्या गोंदावर त्याचा एक पुसट थर, मग तर छानच.

भुशातला
थांबा, पीव्हीए गोंद तर ओव्हनमध्ये मऊ पडतो ना? माझ्याकडे पाठफळी आधीच पीव्हीएने चिकटवलेली एक फ्रेम ओव्हनमधून बाहेर काढली तेव्हा सांधा हाताने सरकत होता. मग कडेला लावलेला गोंद कसा चालतो?

शिंपलाताई
@भुशातला, मऊ पडतो हे बरोबर. फरक असा की तुमच्या फ्रेममध्ये गोंदावर फळीचा भार होता, कडेच्या पातळ थरावर कसलाच भार नाही, तो मऊ होऊन गार झाल्यावर परत कडक होतो आणि तोवर क्ले आपल्या जागी बसलेला असतो. म्हणून गोंदाने जोडलेलं काहीही ओव्हनमध्ये नको, आणि पाठफळी कायम बेक झाल्यावर. इपॉक्सीचंही तेच, आधी इपॉक्सी आणि मग ओव्हन असं कधी करू नका.

करवतकाठी
यात एक भर. बारीक दातांच्या ब्लेडने कापलेली कड आरशासारखी गुळगुळीत येते, जाळीकामात आपल्याला तेच हवं असतं पण इथे नको असतं. नंबर २ किंवा ३ ऐवजी ७ किंवा ९ नंबरचं ब्लेड लावा, कड खरखरीत येते. स्पायरल ब्लेडने तर आणखीच, फक्त ते सरळ रेघेत चालवायला हात बसावा लागतो. आधीच गुळगुळीत कापून झालं असेल तर बारीक सुईकानस आतून आडवी फिरवा, चार ओरखडे पुरतात, मात्र दर्शनी बाजूची धार सोडून. ती धार मोडली की कितीही घासलं तरी आकाराची रेघ स्वच्छ दिसत नाही.

भरण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळी मजा तिथे आहे. फळीला कापायच्या आधी दर्शनी बाजूला मास्किंग टेप आणि तिच्यावर पॅकिंग टेप लावते, नक्षीचा कागद त्यावर. पॅकिंग टेपमुळे ब्लेड कमी तापतं आणि कड जळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण तीच टेप भरताना क्लेचे डाग लाकडावर पडू देत नाही. क्ले आधी चांगला मळून घ्यायचा, चिकट वाटला तर पातळ लाटून साध्या कागदांच्या मध्ये ठेवायचा, जास्तीचं प्लास्टिसायझर कागद ओढून घेतो, नाहीतर तेच लाकडात उतरतं आणि आकाराभोवती तेलकट कडा दिसतात. मग मागून भरायचं. आधी टोकं. पानाच्या टोकात क्ले आपोआप पोचत नाही, तांदळाएवढा कण घेऊन बोथट सुईने किंवा छोट्या गोळीच्या स्टायलसने टोकात दाबायचा, मग देठ, मग कडेकडेने, आणि पोट सगळ्यात शेवटी. उलट केलं म्हणजे आधी पोट भरलं की टोकात हवा कोंडते आणि घासताना तिथे बरोबर एक भोक उघडं पडतं. मागे जरासा उंचवटा राहू द्यायचा. झालं की दर्शनी बाजूची टेप सोलायची, फळी गुळगुळीत टाइलवर बेकिंग पेपर टाकून पालथी ठेवायची आणि मागून परत एकदा दाबायचं म्हणजे दर्शनी बाजू टाइलमुळे आपोआप सपाट येते. घासायचं काम निम्म्याने कमी होतं.

बेक थंड ओव्हनमधूनच सुरू करते आणि झाल्यावर दार न उघडता आतच गार होऊ देते. एकदम गरम, एकदम गार हे लाकडाला मानवत नाही.

उमलती
वा, हे भरण्याचं वाचून लगेच करावंसं वाटतंय. सुरुवातीचं ब्लेड घालायचं ड्रिलचं भोक कुठे पाडायचं? आणि घासताना पाणी वापरायचं ना, क्लेच्या व्हिडिओत सगळे पाण्यातच घासतात.

भुशातला
भोक जो भाग फेकणार आहात त्यात पाडा, कडेच्या अगदी जवळ पण कडेला न लागता. क्लेने सगळंच भरलं जाणार असल्याने चुकून कडेला लागलं तर पानाला छोटा फुगवटा येतो आणि तो दिसतो, म्हणून देठाच्या बाजूला पाडलेलं बरं.

पाण्याचं मात्र जपून. क्लेला पाणी चांगलं पण लाकडाचे तंतू उभे राहतात आणि नुकतंच सुकवलेलं लाकूड पाणी अधाशासारखं पितं. मी कोरडंच घासतो, २४० ने सुरू, मग ३२०, ४००, ६००, ठोकळ्यावर गुंडाळून, नुसत्या बोटाने नाही, कारण लाकूड आणि क्ले वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि बोटाने घासलं की एक उंच एक खोल होतं. मास्क पाहिजेच, ही क्लेची धूळ फुफ्फुसात जाऊन उपयोग नाही.

जुनीफळी
आणि घासायच्या आधी सगळ्यावर शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक पातळ हात. गडद क्ले आणि फिकं लाकूड असेल तर हे टाळू नका. ओक, अ‍ॅशसारख्या मोठ्या छिद्रांच्या लाकडात लाल-काळी धूळ जाऊन बसली की तुम्ही पुढे कितीही घासा, ती आणखी खोल जाते. शेलॅकने छिद्रं बुजतात, वरचा थर सँडपेपरने निघून जातो. मात्र बेक झाल्यावर लावा, शेलॅक उष्णतेत वितळतो.

लाकडावर क्लेचा डाग आधीच पडला असेल, बेक व्हायच्या आधी, तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. अ‍ॅसिटोन नको, ते क्लेलाच विरघळवतं.

शिंपलाताई
फिनिशबद्दल कोणी विचारायच्या आधी लिहिते कारण सगळ्यात जास्त कामं शेवटच्या टप्प्यात खराब होतात. स्प्रेच्या डब्यातलं सॉल्व्हंटचं व्हार्निश क्लेवर मारू नका. त्या दिवशी छान दिसतं आणि काही आठवड्यांनी बोटाला चिकटायला लागतं, कारण सॉल्व्हंट आणि क्लेमधलं प्लास्टिसायझर यांचं जमत नाही. नेलपॉलिशचं पण तेच. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन चालतं, दोन-तीन पातळ हात. लाकडाला फक्त तेलाचीच झळाळी हवी असेल तर तेल लाकडात मुरतं, क्लेवर तसंच राहतं आणि चिकट होतं, ते लगेच पुसून काढा. अशा तेलकट चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात, उघड्यावर पसरून वाळवा.

करवतकाठी
मेण राहिलं. खूप हाताळायची वस्तू नसेल तर ६०० नंतर आणखी १००० पर्यंत जाऊन नुसतं मेणाचं पॉलिश आणि मऊ कापडाने भरपूर घासणं, दोन्हीवर सारखी चमक येते. व्हार्निशने क्ले आणि लाकूड दोन्ही एकाच काचेखाली गेल्यासारखे होतात, मेणाने हाताला लाकूड लाकडासारखं लागतं. मला तेच आवडतं.

भुशातला
ट्रे आणि कोस्टर करायचा विचार आहे. चालेल?

शिंपलाताई
@भुशातला, अन्न थेट लागेल अशा कशातही नको, चॉपिंग बोर्ड तर नाहीच. ट्रेच्या कडेला, मुठीला चालेल. गरम कप जिथे टेकतो तिथे नको, बेक झालेला क्लेही गरमीत थोडा मऊ होतो आणि वर ठसे उमटतात. कोस्टर करायचंच तर क्ले कडेच्या किनारीत घ्या आणि मधे नुसतं लाकूड ठेवा.

जुनीफळी
एक शेवटची गोष्ट मांडतो, वाद म्हणून नाही. १७ व्या शतकात फ्रान्समध्ये आंद्रे शार्ल बूल नावाचा फर्निचर कारागीर होता, १६४२ ते १७३२, तो पितळ आणि कासवाच्या कवचाचे पत्रे एकावर एक ठेवून एकाच करवतीने एकदम कापायचा, म्हणजे एकाचा तुकडा दुसऱ्याच्या भोकात बसतो. क्लेचा २ मिमी जाड तक्ता आधी बेक करून लाकडाच्या तेवढ्याच पातळ फळीबरोबर असा कापायचा माझा विचार आहे. सॉचा वेग कमी ठेवावा लागेल, प्लास्टिक आहे, ब्लेड तापलं तर काप मागून परत जुळतो. केन पद्धतीने (रंगीत क्ले दांड्यासारखा जुळवून त्याचे काप काढून) केलेला नक्षीचा तक्ता असेल तर हा एकच मार्ग बरा वाटतो, कारण अशी नक्षी भोकात दाबून भरली की फासटते.

करवतकाठी
@जुनीफळी, केनबद्दल अगदी बरोबर, मिलेफिओरीची फुलं भोकात दाबली की सगळी ओढली जातात. तिथे मी अर्धी खोली एकरंगी क्लेने भरते, वर केनचा पातळ काप ठेवून फक्त लाटण्याने हलका दाब, कडेने जादा झालेलं पात्याने कापते. पण मग भरणं पुढून येतं आणि तिरकी कड उलटी लागते, म्हणजे दर्शनी बाजूला मोठी. तेव्हा क्ले पुढून अडकून राहत नाही, गोंदावर आणि लिक्विड क्लेवरच भिस्त ठेवावी लागते. तुमची एकत्र कापायची पद्धत जमली तर हा प्रश्नच सुटेल. टेबल तिरकं ठेवणार आहात का सरळ? ब्लेडच्या जाडीची फट इथे पण येणारच.

जुनीफळी
तिरकं. आधी ३ डिग्रीवर टाकाऊ तुकड्यात कापून बघतो, तुकडा अर्ध्यात अडकला तर कोन कमी आणि आरपार गेला तर जास्त करायचा. क्ले वर ठेवायचा आणि लाकूड खाली, म्हणजे क्लेचा तुकडा वरून खाली सरकून लाकडात बसेल. नंबर १ चं ब्लेड लावणार आहे. झालं की फोटो टाकतो.

उमलती
मी घन बीचची ६ मिमीची फळी मागवली आहे, तीन छोटी पानं आणि एक देठ, टेबल ३ डिग्रीवर. फळी आल्यावर आधी सुकवते. टाइल्सच्या मध्ये बेकिंग पेपर घालायचा का थेट?

शिंपलाताई
नुसतं लाकूड सुकवताना पेपर नको, वाफ निघायला वाट पाहिजे. दोन्ही बाजूंना आगपेटीच्या काडीएवढ्या बारीक लाकडी पट्ट्या ठेवा आणि त्यावर टाइल, म्हणजे दाबही राहतो आणि हवाही फिरते. पेपर क्ले भरल्यावर, फळी पालथी ठेवताना.